माद्या गेल्या कुठे?

१

पिंजऱ्यात चारशे बारा गांधीलमाश्या होत्या आणि चारशे बाराही नर होते.

डॉ. निवेदिता सप्रेनं त्या तीनदा मोजल्या, एकेक भिंगाखाली उलटीसुलटी करून पाहिली आणि मग रत्नाकर मोघ्यांना फोन लावला. "काका, असाल तसे रामनगरला या. माद्या नाहीत. एकही नाही."

रत्नाकरराव हे तिच्या वडिलांचे जुने स्नेही, रेल्वेतून निवृत्त झालेले चौकशी अधिकारी. फुटलेली सीलं, हरवलेल्या वाघिणी आणि एकमेकांकडे बोटं दाखवणारे स्टेशनमास्तर यांत त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. पण मालगाडीच्या हरवलेल्या वाघिणीवर निदान नंबर तरी असतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या माशीची मादी कुठे आणि कशी शोधायची, हे त्यांना कुठल्याच नियमपुस्तकानं शिकवलं नव्हतं. तरी ते निघाले. भाद्रपद सरत आला तरी गंगा अजून घाटांवरून उतरली नव्हती, नावा बंद होत्या, म्हणून पुलावरून शेअर ऑटोनं धक्के खात पोचले.

निवेदिताची कीटकशाळा रामनगरच्या बाजारामागे भाड्याच्या दोन खोल्यांत होती. पहिल्या खोलीत लाकडी खोकी, खोक्यांत बाजरीचा भरडा आणि भरड्यात धान्याच्या पाखरांच्या अळ्या. दुसरीत जाळीचे पिंजरे आणि त्यांत या माश्या.

"मादीला मागे सुईसारखी नळी असते," निवेदितानं भिंग त्यांच्या हातात दिलं. "ती अळीला डंख मारते आणि तिच्यावर एकच अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू ती अळी आठ दिवस खातं आणि माशी होऊन उडतं. जंगलात सागाची पानं कुरतडून जाळी करणाऱ्या अळीला ही माशी अशीच धरते. म्हणून आम्ही इथे हिला वाढवतो आणि तिकडे सोडतो."

"म्हणजे डंखानं अळी मरते."

"नाही ना. जिवंतच असते, फक्त हलता येत नाही. मेली तर सडेल, मग पिल्लू खाणार काय?"

 रत्नाकररावांची नजर नकळत कोपऱ्यात खोकी पुसणाऱ्या सीताताईंकडे गेली. सीताताई त्यांची थोरली बहीण. भावजी लकव्यानं तीन वर्षं अंथरुणावर होते, डोळे तेवढे हलत. ते गेल्यावर ताई भिंतीकडे बघत बसायच्या, म्हणून रत्नाकररावांनीच निवेदिताकडे शब्द टाकून त्यांना या कामाला लावलं होतं. अळ्यांना भरडा घालायचा, खोकी साफ ठेवायची. ताई त्याला "माश्यांचं ऑफिस" म्हणत आणि वेळेच्या आधी पोचत.

"सोमवारी चकियापलीकडच्या सागाच्या जंगलात चार हजार माद्या सोडायच्या होत्या," निवेदिता म्हणाली. "नाही सोडल्या तर त्याच दिवशी वनखातं विषारी औषध फवारणार. मग जंगलातल्या उरल्यासुरल्या माश्याही जातील. पुन्हा सुरुवात करायला बीजसुद्धा मिळणार नाही, काका."

तिनं टेबलावरचा कागद पुढे सरकवला. उद्या, रविवारी, चार वाजता खात्याचा माणूस तो न्यायला येणार होता. नुकसानीला जबाबदार कोण, त्याचं नाव त्यात लिहायचं होतं. नाव लिहून झालं होतं, सही तेवढी बाकी होती.

"विष्णु," रत्नाकररावांनी वाचलं. बाहेर ओसरीवर तोच विष्णु, तिशीतला मदतनीस, काचेच्या नळ्या धूत बसला होता. कागदाबद्दल त्याला अजून काही माहीत नव्हतं.

२

"विष्णुच का?" रत्नाकररावांनी विचारलं.

निवेदितानं नोंदवही उघडली. "ही माशी फार हिशेबी बाई आहे. अंडं घालण्याआधी अळीवर फिरून पायांनी तिचं माप घेते. अळी गलेलठ्ठ असेल तर मुलगी ठेवते, कारण मुलीला वाढायला खाणं जास्त लागतं. अळी किरकोळ असेल तर मुलगा. त्याचं काय, थोडक्यात भागतं."

"घराघरांत उलटं असतं," रत्नाकरराव पुटपुटले.

निवेदिता हसली नाही. तिच्या वहीत आषाढाच्या मध्यापर्यंत नर-माद्या निम्मेनिम्मे होते. मग दर पिढीला माद्या घटत गेल्या. श्रावण लागला तेव्हा चारांत एक, पुढे शंभरात अकरा आणि आता शून्य. म्हणजे पिंजऱ्यात कुणी घोळ केला नव्हता. माश्यांना मिळणाऱ्या अळ्याच बारीक होत्या.

"खोकं पस्तीस दिवस झाल्यावर उघडायचं, तेव्हा अळ्या भरतात," ती म्हणाली. "विष्णुनं कच्ची खोकी उघडली आणि वरच्या तारखांच्या चिठ्ठ्या बदलल्या. त्याला कायम करा म्हणून भांडला होता माझ्याशी. मी नाही म्हटलं. माझ्या हातात तरी कुठे होतं ते?"

विष्णु आत आला तो हात पुसतच. चौकशी म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण तो भ्यायला नाही. "साहब, झगड़ा हुआ था, झूठ काहे बोलें? लेकिन चिट्ठी हमने नहीं बदली. पैंतीस दिन गिन के खोलते हैं. कीड़े ही दुबले निकलते हैं, और कम भी. हमने मैडम को दो बार बताया."

"सांगितलं होतंस?"

"मैडम बोलीं, तू आलसी है."

निवेदितानं मान फिरवली. ते खरं होतं, हे तिच्या फिरवलेल्या मानेवरूनच कळलं.

"मग अळ्या बारीक का?"

"भरडा ख़राब है, साहब. गोपीनाथ सेठ की दुकान का." विष्णु दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याचा आवाज एकाएकी बारीक झाला. "साहब, वो काग़ज़ में हमारा नाम है क्या? नाम चढ़ गया तो इस लाइन में कोई हमें मक्खी नहीं छूने देगा. हमको और कुछ आता भी नहीं है."

रत्नाकररावांनी आयुष्यात शेकडो माणसांना हा प्रश्न विचारताना पाहिलं होतं. उत्तर देणं नियमात बसत नसे. त्यांनी दिलं नाही आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सीताताईंची जबानी त्यांनी घेतली नाही. नात्यातल्या माणसाची चौकशी आपण करायची नाही, हा त्यांचा जुना नियम. शिवाय ताईंना विचारायचं तरी काय?

दुपारी बहीणभाऊ एकाच ऑटोनं परतले. बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून दूर, एक पिंपळ आहे आणि त्याला दगडी पार आहे. तिथे ताई थांबल्या. पिशवीतून पितळेची डबी काढली, डबीतलं काहीतरी एका द्रोणात ओतलं, वर पिंपळाचं पान झाकलं आणि हात जोडून सरळ चालू लागल्या. रत्नाकरराव मागे रेंगाळले होते. घाटावर नेहमीसारखी कबुतरं माजली होती. पारावर तीन-चार साळुंक्या उतरल्या.

"काय ठेवलंस गं?"

"असंच. मागे बघू नकोस रत्नू, दिलेल्या दानाकडे वळून बघायचं नसतं. चल, सार गार होईल."

रत्नाकररावांना भूक लागली होती. बत्तीस वर्षांचा अनुभव खुंटीला टांगून ते आमसुलाच्या सारामागे घरी गेले.

३

रविवारी सकाळी ते गोपीनाथ सेठच्या दुकानात जाऊन बसले. अळ्यांना रविवार नसतो, त्यामुळे ताई पहाटेच कामावर गेल्या होत्या.

दुकानात एका बाजूला बाजरी, ज्वारी, चणे. दुसऱ्या बाजूला फवारणीचे पिवळे पंप थप्पी लावून ठेवलेले. गोपीनाथ सेठ स्थूल, प्रसन्न आणि संशय यावा इतका मोकळा माणूस होता.

"पंप कुणासाठी?"

"जंगल की दवाई छिड़कने वालों के लिए, बाबूजी. मक्खी फेल, तो हमारा पंप पास." तो मनमोकळं हसला. "अब आप कहेंगे, गोपीनाथ ने ही भरडा बिगाड़ा. है न?"

रत्नाकरराव तेच म्हणणार होते. त्यांनी खिशातून पुडी काढली. कीटकशाळेत काल उघडलेल्या खोक्यातला भरडा त्यांनी थोडा बांधून आणला होता. सेठनं तो तळहातावर घेतला, फुंकला, दोन दाणे जिभेवर ठेवले आणि नाक मुरडलं ते भरड्याला नव्हे, रत्नाकररावांना.

"माल एक नंबर है. और ये देखिए." भरड्यात पांढऱ्या रेशमाच्या नळ्या गुंतल्या होत्या. धान्याची अळी स्वतःभोवती अशी नळी विणून आत राहते. सेठनं एक नळी चिमटीत धरली. "चालीस साल से अनाज में यही कीड़ा मार रहे हैं हम. दुबला कीड़ा इतना मोटा जाला नहीं बुनता. इसमें जो रहता था, वो खा-पी के तगड़ा था."

"मग तो गेला कुठे?"

"ये तो आप जानिए. ख़ुद निकलता तो मुँह पे छेद होता, गोल."

रत्नाकररावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नळी डोळ्यांजवळ नेली. मग दुसरी, मग तिसरी. गोल भोक एकीलाही नव्हतं. सगळ्या नळ्या लांबीला सरळ उसवल्या होत्या, एखाद्या छोट्या कात्रीनं, आणि तेही इतक्या हलक्या हातानं की आतल्या जिवाला टोक लागू नये.

४

म्हणजे तारखा खऱ्या होत्या. भरडा चांगला होता. अळ्या पस्तीस दिवसांत भरून गलेलठ्ठ झाल्या होत्या आणि खोकं उघडण्याआधी कुणीतरी त्यातल्या नेमक्या मोठ्या वेचून नेल्या होत्या. मागे उरल्या त्या उशिरा निघालेल्या, किरकोळ. विष्णुला रोज त्याच मिळत होत्या.

विष्णुला वेचायच्या असत्या तर त्यानं अळ्या कमी येतात, बारीक येतात, अशी तक्रार दोनदा केली नसती. चोर कधी स्वतःच्या चोरीची वर्दी देत नाही. गोपीनाथ सेठ खोक्यांपर्यंत कधी गेलाच नव्हता. आणि ज्याला नुसता नाश करायचा, तो खोकं उलटं करील, नाहीतर खोलीतला एसी बंद करील. अळीला इजा होऊ नये म्हणून कात्री जपून चालवणारा माणूस शत्रू नसतो.

पुलावर ऑटो अडकली. खाली गढूळ पाणी चाललं होतं. रत्नाकररावांना कालची दुपार दिसू लागली आणि त्यांनी ती नको असताना नीट पाहिली. घाटावर शेकडो कबुतरं होती. द्रोणात दाणे असते तर पारावर पाय ठेवायला जागा उरली नसती. पण आली नव्हती एकही. आल्या होत्या फक्त साळुंक्या, आणि साळुंकी दाण्यासाठी एवढी टपून बसत नाही.

माद्या घटायला लागल्या त्या आषाढाच्या उतरत्या पंधरवड्यात. आषाढी एकादशीनंतर. चातुर्मास लागल्यावर.

त्यांच्या घरातल्या बायका चातुर्मासात कसला ना कसला नेम धरत. कुणी एकभुक्त राही, कुणी लाख वाती वळी. कसला नेम आहे ते मात्र कुणाला सांगायचं नाही, सांगितला की फळ जातं. ताईंच्या कमरेला वाती कापायची छोटी कात्री कायम लटकलेली असे.

घड्याळात साडेबारा झाले होते. कागद न्यायला चार वाजता माणूस येणार होता. ऑटो हलेना, तेव्हा रत्नाकरराव उतरले आणि गुडघे दुखत असताना पाराकडे चालत सुटले.

५

ताई पारापाशी पोचल्या तेव्हा भाऊ आधीच तिथे घाम पुसत बसला होता.

"ताई, डबी उघड."

"नेम आहे माझा, रत्नू."

"माहीत आहे. उघड."

ताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि झाकण काढलं. कापसाच्या पेळूवर जाड, दुधी रंगाच्या अळ्या वळवळत होत्या. रत्नाकररावांनी मोजायला सुरुवात केली.

"एकशे आठ आहेत. रोज एकशे आठ," ताई म्हणाल्या. "चोरी नाही केली मी. त्या मरायच्याच होत्या ना?"

"मोठ्याच का घेतल्यास?"

"त्यांचं पाखरू व्हायला आलेलं असतं. दोन दिवसांवर सुटका आलेली, आणि त्यातच तो डंख." त्या पारावर बसल्या. "तुला ठाऊक नाही रत्नू, डंख बसला की ती कशी पडते. मेलेली नसते. मी बोट लावून पाहिलंय. सगळं कळतं तिला, आणि कुणीतरी तिला खात असतं, आठ दिवस. यांचे डोळे तीन वर्षं मी तसेच बघितले रे. यांना सोडवता नाही आलं मला. म्हटलं, एवढ्यांना तरी सोडवावं."

रत्नाकररावांनी कितीतरी कबुलीजबाब लिहून घेतले होते. त्यांत हा कुठल्या कलमात बसवायचा हे त्यांना कळेना. त्यांना बहिणीचा रागही आला, आणि राग धरायला जागा सापडेना म्हणून जास्तच आला. पण सांगणं भाग होतं. त्यांनी सगळं सांगितलं. मोठ्या अळ्या गेल्या, उरल्या बारीक. बारीक अळीवर माशी मुलगेच ठेवते. मुलग्यांचा वंश तिथेच थांबतो. उद्या जंगलात विष पडेल. आणि चार वाजता विष्णुच्या नावावर सही होईल.

ताई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी पदर तोंडाला लावला.

"माझ्यामुळे?"

"हो."

"मी तर कुणाला मारलं नाही रे."

"नाही मारलंस."

"तो विष्णु मला माई म्हणतो. सकाळी चहा आणून देतो," त्या म्हणाल्या आणि ताडकन उठल्या. "चल, नको, तू थांब. मी जाते परत रामनगरला. निवेदिताला मीच सांगते. माझं नाव लिहू दे तिला, मोठ्या अक्षरांत." त्यांनी पिशवी आणि डबी भावाच्या हातात कोंबली. "आजच्या एवढ्या तू सोड. आता आणल्याच आहेत तर नेम मोडायला नको."

चार पावलं जाऊन त्या वळल्या. त्यांचा चेहरा एकाएकी लहान मुलीसारखा झाला होता.

"रत्नू, माश्या गेल्या, जंगल गेलं, सगळं माझ्या माथी. पण ह्या तरी सुटल्या ना? रोजच्या एकशे आठ? एवढ्याची तरी पाखरं झाली असतील ना?"

ताईंच्या पाठीमागे घाटाच्या भिंतीवर साळुंक्या ओळीनं बसल्या होत्या. काल चार होत्या, आज दहा-बारा. त्यांना वेळ पाठ झाली होती. अडीच महिने द्रोण ठेवून ताई मागे न बघता गेल्या होत्या, दान म्हणून, नियमानं.

रत्नाकर मोघ्यांनी बत्तीस वर्षांत एकही खोटी ओळ अहवालात जाऊ दिली नव्हती.

"झाली, ताई," ते म्हणाले. "सगळ्यांची झाली."

६

साडेतीनला निवेदिताचा फोन आला. ती रडत होती की तिला सर्दी झाली होती, कळत नव्हतं. कागद तिनं फाडला होता. दुसऱ्या कागदावर नाव कुणाचंच नव्हतं, 'संगोपनातील चूक' एवढंच होतं आणि खाली तिची स्वतःची सही होती. ताई माझं नाव लिही म्हणून हटून बसल्या होत्या, तिनं ऐकलं नाही. विष्णुची तिनं माफी मागितली होती. त्याची नोकरी वाचली.

"पण काका, त्याला काम काय देऊ? पिंजऱ्यात नुसते नर आहेत. दहा दिवसांत तेही मरतील."

"आणि फवारणी? ती थांबवता नाही येणार?"

"टँकर आज दुपारीच निघाले," ती म्हणाली. "मी तिघांना फोन केले. रविवार आहे, काका. कुणी उचलत नाही."

फोन ठेवून रत्नाकरराव पारावर बसून राहिले. डबी अजून मांडीवर होती. अळ्या परत नेऊन उपयोग नव्हता. त्यांना डंख मारायला तिकडे कुणी उरलं नव्हतं. घरी नेल्या तर ताई विचारणार. त्यांनी हातवारे करून साळुंक्या हाकलल्या. त्या उडाल्या, एक फेरी मारली आणि आणखी जवळ येऊन बसल्या. एक तर पारावरच उतरली आणि मान वाकडी करून वाट बघू लागली.

त्यांनी दुसरी जागा मनाशी शोधून पाहिली. गल्लीत माणसं होती, गच्चीवर माकडं होती, खाली पाणी होतं.

शेवटी त्यांनी पिशवीतला द्रोण काढला. एकशे आठ अळ्या त्यात अलगद ओतल्या, वर पिंपळाचं मोठं पान झाकलं आणि ताईंसारखेच हात जोडले. जोडे पायांत घालेपर्यंत पाठीमागे पंखांचा आवाज झाला. रत्नाकररावांनी मागे वळून पाहिलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढत ते घरी गेले.